उसनवारीचं ताट

जपानमध्ये ‘काय खाऊ या?’ हा प्रश्न हॉटेलात टेकल्यावर विचारायची सोय नाही. तो फुटपाथवर उभ्याउभ्याच निकालात काढावा लागतो. कारण तिथल्या नावाजलेल्या दुकानात बहुधा एकच पदार्थ मिळतो, फार तर त्याचे दोन-चार चुलतभाऊ. वाम भाजणारा वामच भाजतो, तेंपुरावाला तेंपुराच तळतो, आणि रामेनवाल्याकडे सुशी मागितलीत, तर तो रागावत नाही; कमरेत वाकून तुमची माफी मागतो. त्या माफीनंतर माणसाला आपणच काहीतरी अश्लील बोललो असं वाटायला लागतं.

टोमॅटो सूपवरून सुटून पनीर, हाका नूडल्स आणि मसाला डोसा अशी स्टेशनं घेत फालुद्यापाशी थांबणाऱ्या मेन्यूकार्डावर वाढलेल्या मराठी कुटुंबाची इथे फार पंचाईत होते. टोकियोतल्या शिंजुकूच्या चौकात अशी कुटुंबं ओळखू येतात. मुलाला नूडल्स हव्यात. वडिलांना भात. आईला ‘काहीही चालेल’, म्हणजे सुचवलेलं काहीही चालणार नाही. आत्याला तळलेलं वर्ज्य नाही, पण त्या तेलात आधी कोण पोहून गेलंय हे कळल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. अर्धा तास सभा चालते आणि ठराव होतो तो कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून ओनिगिरी घ्यायचा.

ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका. आत खारवलेलं आंबट उमेबोशी किंवा एखादा माशाचा तुकडा, बाहेर नोरी नावाचं समुद्री शेवाळ. हे शेवाळ भाताला लागून मऊ पडू नये म्हणून दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि तो कसा सोडवायचा याचे एक, दोन, तीन असे आकडे वेष्टनावर छापलेले असतात. एक नंबरची पट्टी मधोमध ओढायची, मग दोन नंबरचा कोपरा, मग तीन नंबरचा. इतकं सोपं आहे. पण सूचना वाचणं हा ज्यांच्या घराण्यात कमीपणा समजला जातो, त्यांच्या एका हातात उघडाबोडका भात उरतो, दुसऱ्या हातात प्लॅस्टिक, आणि शेवाळ त्या प्लॅस्टिकला मिठी मारून बसलेलं असतं.

तरीही एकदा निर्णय घेऊन, एकपदार्थी दुकानाचा पडदा बाजूला सारून आत जायलाच हवं. कारण एका पदार्थावर आयुष्य काढणं म्हणजे काय, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. टोकियोच्या गिंझामध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनालगत, तळघरात, जेमतेम दहा खुर्च्यांचं जिरो ओनो यांचं सुशीचं दुकान आहे. जिरो यांचा जन्म १९२५ चा. २०१४ साली पंतप्रधान आबे यांनी ओबामांना जेवायला नेलं ते तिथेच. या दुकानावर २०११ साली एक माहितीपट आला. त्यात त्यांचा एक शिष्य सांगतो, की बरीच वर्षं उमेदवारी केल्यावर त्याला अंड्याची वडी करायची परवानगी मिळाली. त्याने केलेल्या दोनशेहून अधिक वड्या गुरूने नापसंत केल्या. शेवटी एक पसंत पडली, तेव्हा हा गडी रडला. अंडं करायला! आपल्यापैकी ज्यांना स्वयंपाकातलं फक्त अंडंच येतं, आणि ते येतं म्हणून जे स्वतःला स्वावलंबी समजतात, त्यांनी हा प्रसंग मनावर घेऊ नये.

ही निष्ठा पाहिली की वाटतं, हे पदार्थ निदान महाभारतकाळापासून चालत आलेले असणार. कुणा ऋषितुल्य जपानी पूर्वजाने हिमाच्छादित शिखरावर बसून तेंपुरा सिद्ध केला असणार. गंमत इथेच आहे. जपानच्या पारंपरिक ताटातले निम्मेअधिक पदार्थ मुळात जपानचे नाहीतच. ते उसने आणलेले आहेत.

पूर्वी वाड्यात एखाद्या काकू वाटीभर डाळीचं पीठ उसनं न्यायच्या. चार दिवसांनी परत आणून द्यायच्या तेव्हा वाटी घासून लख्ख असायची, पीठ दोनदा चाळलेलं असायचं, आणि वर त्या अगदी गोड आवाजात म्हणायच्या, ‘‘तुमचं जरा जाडसर होतं हो वहिनी, मी पुन्हा दळून आणलं.’’ वहिनींचा जो चेहरा व्हायचा, तो आज अनेक देशांचा जपानी हॉटेलात होतो. पोर्तुगिजांचा होतो, चिन्यांचा होतो, फ्रेंचांचा होतो. आपलाही होतो, पण त्याकडे नंतर येऊ.

सुशीपासूनच सुरुवात करू. मुळात ती मासा टिकवायची युक्ती, आणि ती आली आशियातल्या भातखाचरांच्या मुलखातून. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणात मासा टिकतो. मग मासा खायचा आणि भात फेकून द्यायचा. म्हणजे ज्या भातासाठी आजचा सुशीवाला तांदळाची जात, पाण्याचं माप आणि पंख्याचा वारा यांवर प्रवचन देतो, तो भात मूळ सुशीत पॅकिंगचा कागद होता. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ आजही या जुन्या रीतीने करतात. पारंपरिक जपानी पदार्थच खायचा असा हट्ट असलेल्यांनी ती अवश्य खावी. डबा उघडल्यावर हट्ट आपोआप सुटतो.

पुढे जपान्यांचा धीर कमी होत गेला. महिन्यांचे आठवडे झाले, आठवड्यांचे दिवस झाले, आणि शेवटी कुणीतरी आंबायची वाटच न बघता भातात सरळ व्हिनेगर ओतलं. एदो, म्हणजे आजचं टोकियो, हे तेव्हाही घाईत असलेलं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे हानाया योहेई नावाच्या गृहस्थाने मुठीत भात दाबून वर मासा ठेवायची पद्धत रूढ केली असं सांगतात. लोक गाडीपाशी उभे राहून दोन घास खायचे आणि कामाला पळायचे. ज्या पदार्थासाठी आज लोक महिनेमहिने आधी जागा राखून ठेवतात, तो जन्माने हातगाडीवरचा.

ट्यूना माशाचं पोट, ज्याला ‘तोरो’ म्हणतात, ते त्या काळी फेकून देत. इतकं तेलकट, की मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल, अशी त्याची ख्याती होती. आता त्या पोटासाठी माणसं रांगा लावतात. २०१९ सालच्या नववर्षाच्या लिलावात टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. सुशीच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या कियोशी किमुरा यांनी तो घेतला. मांजरांची यावरची प्रतिक्रिया कुणी छापली नाही. आणि सुशीच्या ताटात सगळ्यांत देखणा दिसणारा तो केशरी सॅल्मन? तो तर अगदी कालचा पाहुणा. जपानजवळच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये जंत असतात, म्हणून जपानी माणूस तो कच्चा खात नसे. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे पाळलेला सॅल्मन उदंड झाला, आणि त्यांनी कैक वर्षं चिकाटीने जपान्यांना तो कच्चा खायला शिकवलं. जपान्याला कच्चा मासा विकणाऱ्या त्या नॉर्वेजियनांपुढे हिमालयात बर्फ विकणारासुद्धा हात टेकेल.

फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीची कथाही अशीच. ओसाकाच्या योशिआकी शिराइशी यांना बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून कल्पना सुचली आणि १९५८ साली त्यांच्या दुकानात सुशी ग्राहकांसमोरून मिरवत जाऊ लागली. खरी अडचण वेगाची होती. सावकाश फिरवली तर गिऱ्हाईक चुळबुळतं, जोरात फिरवली तर मासा सुकतो आणि बशी उडते. प्रयोग करकरून सेकंदाला आठ सेंटिमीटर हा वेग ठरला. त्या वेगाने समोरून जाणाऱ्या बशीकडे माणूस बघतो, विचार करतो, ‘पुढची घेऊ’ म्हणतो, आणि पुढची शेजारचा उचलतो. सगळं तत्त्वज्ञान त्या पट्ट्यावर आहे.

तेंपुरा पोर्तुगिजांचा. ते १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोहोचले, सोबत बंदुका घेऊन. सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. तो निघाला होता गोव्याहून. आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये जो विसावला आहे, तोच हा. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गोवा, मकाव, नागासाकी अशी जहाजं चालत राहिली आणि त्यांतून धर्म गेला, बंदुका गेल्या आणि पिठात बुडवून तळायची कलाही गेली. धर्मावर राज्यकर्त्यांनी पुढे बंदी घातली, पोर्तुगिजांना हाकललं. तळणावर मात्र बंदी घालायचं धैर्य त्या कडक राजवटीलासुद्धा झालं नाही.

उसन्या पिठाचं जपान्यांनी काय केलं ते तेंपुराच्या दुकानात कळतं. पाणी बर्फासारखं गार. पीठ नीट ढवळायचंच नाही. गुठळ्या राहिल्या तरी चालतील, नव्हे राहायलाच हव्यात. एक कोळंबी, एक वांग्याची फोड, एक शिसोचं पान. तळणारा बुवा कढईकडे बघतच नाही, कान देऊन उभा असतो. बुडबुड्यांचा आवाज बारीक झाला की झारा आत. प्रत्येक नग एकेकटा तुमच्यासमोर येतो आणि तो त्याच क्षणी खायचा असतो. ‘सगळ्यांचं येऊ दे, मग सुरू करू’ हा संस्कार इथे गुन्हा आहे. शोगुन तोकुगावा इएयासू यांनी १६१६ साली तळलेला मासा खाल्ला, त्यानंतर ते आजारी पडले आणि काही महिन्यांनी वारले. तेव्हापासून लोक त्या माशाला बोल लावतात. इतिहासकार म्हणतात, त्यांना बहुधा पोटाचा कर्करोग होता. पण तळलेलं खाऊन मेला ही बातमी चारशे वर्षं टिकते, आणि डॉक्टरचं निदान टिकत नाही.

मांसाचं तर विचारूच नका. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली. नंतर बौद्ध धर्माच्या प्रभावाने चारपायी प्राणी ताटातून हजारएक वर्षं जवळपास हद्दपार झाले. मग १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि देश दुसऱ्या दिवसापासून आधुनिक झाला. गिंझाच्या ‘रेंगातेई’ या दुकानाने १८९९ साली डुकराच्या मांसाचं फ्रेंच पद्धतीचं कटलेट तेंपुरासारखं भरपूर तेलात तळलं. म्हणजे पहा, फ्रेंचांचं उसनं पोर्तुगिजांच्या उसन्यात तळलं. सोबत कोबीचा बारीक कीस. त्यातूनच आजचा तोनकात्सु झाला. त्याला आज ‘आमच्या आजीच्या हातचा’ म्हणणाऱ्या जपानी माणसाच्या पणजीला तो घरात आणू दिला नसता.

रामेन चिन्यांचं. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ नावाचं दुकान निघालं. मालक जपानी, आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. आता योकोहामात रामेनचं संग्रहालय आहे. रामेनच्या दुकानात माणसाशी बोलावं लागत नाही. दारातल्या यंत्रात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट घ्यायचं आणि खुर्चीवर बसायचं. पाठीमागे रांग असते, यंत्रावरची अक्षरं चित्रलिपीतली असतात, आणि घाम फुटलेला परदेशी माणूस सगळ्यांत वरचं डावीकडचं बटण दाबतो. तिथे दुकानाचा खास पदार्थ असायची शक्यता सर्वांत जास्त असते, हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे तो आयुष्यभर स्वतःच्या अंतःप्रेरणेवर खूश राहतो.

नूडल्स खायची रीत मात्र आपल्या लहानपणाचा सूड उगवणारी आहे. तिथे भुरका मारायचाच असतो. भुरक्याने गरम नूडल निवते आणि वास नाकापर्यंत चढतो, असं जाणकार सांगतात. कोट-टायमधले, ब्रीफकेस मांडीवर धरलेले गंभीर गृहस्थ रांगेने बसून असे भुरके मारतात, की दुकानात पाऊस आल्यासारखं वाटतं. ‘जेवताना तोंडाचा आवाज करू नये’ म्हणून ज्यांनी पाटावर धपाटे खाल्ले, ते इथे हमसून हमसून रडतील. त्यातले शिस्तीचे लोक पहिला भुरका मारायच्या आधी अजूनही दाराकडे बघतात.

सोबा नूडल्सचं एक प्रकरण मोरिओका शहरात पाहावं. तिथे ‘वांको सोबा’ खातात. छोट्या वाटीत घासभर सोबा असतो. तुम्ही तो गिळता न गिळता तोच पाठीशी उभी असलेली वाढपीण दुसरा घास वाटीत टाकते. तिसरा. चौथा. सोबत तिच्या आरोळ्या चालूच. नको म्हणून हात हलवलेला चालत नाही, मान हलवलेली चालत नाही, वाटी पोटाशी धरून पाठ वळवलेली चालत नाही. वाटीवर झाकण ठेवलं तरच वाढणं थांबतं, आणि झाकणाकडे हात जातोय असं दिसताच ती त्याच्या आत आणखी एक घास घालून मोकळी होते. साधारण पंधरा वाट्या म्हणजे नेहमीचा एक वाडगा. शंभर वाट्या खाणाऱ्याला काही दुकानांत लाकडी प्रमाणपत्र देतात. विदर्भातल्या लग्नांत जिलब्यांच्या पैजा जिंकलेल्या एखाद्या काकांना मोरिओकाला नेलं पाहिजे. राष्ट्राचं नाव होईल.

आता शाकाहारी मंडळींकडे वळू; ती मघापासून चुळबुळत आहेत. त्यांची खरी झुंज माशाशी नसून ‘दाशी’शी आहे. दाशी म्हणजे मूळ रसपाणी. कोंबू नावाची समुद्री पात आणि कात्सुओबुशी यांपासून ते करतात, आणि ते सूपात असतं, भाजीत असतं, चटणीत असतं, अंड्यात असतं. काही ठिकाणी तर ते हवेत असतं. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, काटे काढून, धूर देऊन, बुरशी चढवून आणि उन्हात वाळवून महिनोन्‌महिने केलेला ठोकळा. तो इतका कठीण होतो, की सुतारासारखा रंधा लावून त्याचा भुसा काढतात. फोनवरच्या भाषांतरयंत्रातून आत्या विचारते, ‘‘यात मासा आहे का?’’ दुकानदार म्हणतो, ‘‘नाही.’’ ‘‘मटण?’’ ‘‘नाही.’’ ‘‘अंडं?’’ ‘‘नाही, नाही.’’ आणि समोर ओकोनोमियाकीचा गरमागरम थालीपिठाएवढा गोळा येतो, त्यावर पातळ तपकिरी पापुद्रे वाफेने नाचत असतात. आत्या विचारते, ‘‘हे काय हलतंय?’’ दुकानदार खोटं बोललेला नाही. त्याच्या हिशेबात मासा तो, ज्याला डोळे असतात. बाकी सगळी चव.

या चवीचा शोधसुद्धा रात्रीच्या जेवणातच लागला. टोकियो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना कोंबूच्या पाण्यातल्या त्या चवीने छळलं. ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडूही नाही. १९०८ साली त्यांनी तिच्यामागचं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याची पूड ‘आजिनोमोतो’ नावाने बाजारात आली. जिभेवर या चवीची वेगळी ग्राहिका आहे, हे जगाने मान्य केलं २००० सालाच्या आसपास. तोवर जग ती खात होतं, चायनीजच्या गाडीवर पुन्हा पुन्हा जात होतं, आणि अशी काही चव नसतेच म्हणत होतं. दाशीवरून खुद्द जपानची फाळणी झालेली आहे. पूर्वेला रस्सा गडद, पश्चिमेला फिका. निस्सिन कंपनीच्या ‘दोनबेई’ या झटपट उदोन नूडल्सचे पूर्वेचे आणि पश्चिमेचे कप वेगवेगळ्या चवीचे असतात, आणि कोणता कुठला ते ओळखायला कपावर बारीकशी खूण असते. टोकियोत नोकरी करणारी ओसाकाची माणसं सुट्टीहून परतताना बॅगेत ते कप भरून आणतात असं ऐकलं, तेव्हा डोळे पाणावले. चितळ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही ते समजेल.

शाकाहाऱ्यांनी निराश होऊ नये. त्यांनी कोयासानला जावं. कुकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ साली वाकायामाच्या डोंगरात हे पीठ स्थापन केलं. तिथल्या मठांत राहता येतं आणि ‘शोजिन र्योरी’ हे भिक्षूंचं जेवण मिळतं. मासा नाही, मांस नाही, अंडं नाही. आणि कांदा-लसूणही नाही! चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला इथे पहिल्यांदा जपान हा सुसंस्कृत देश वाटतो. तिळाचं ‘तोफू’, थंडीत गोठवून वाळवलेलं कोया-दोफू, रानभाज्या, कोंबू आणि शिताके अळंबीची दाशी. सगळं लहान लहान वाट्यांत, प्रत्येकीत दोन घास. शेवटचं झाकण उघडेपर्यंत ‘मुख्य जेवण कधी येणार?’ असं वाटत राहतं, आणि उघडल्यावर कळतं की ते येऊन गेलं. कुकाई ८३५ मध्ये समाधीत बसले, आणि ते अजून ध्यानातच आहेत अशी श्रद्धा असल्याने भिक्षू आजही रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. जवळजवळ बाराशे वर्षं एकही तक्रार नाही, असा जेवणारा कुठल्या आचाऱ्याला मिळाला असेल? याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. त्यामुळे मराठी माणसाला तिथे जायला जेवणाखेरीजही कारण आहे.

या सगळ्या उसनवारीत एक पदार्थ असा, की तो न्यायला अजून फारसं कुणी आलेलं नाही. नात्तो. आंबवलेलं सोयाबीन, सकाळी गरम भातावर. चमचा उचलला की त्याबरोबर तारा उचलल्या जातात आणि त्या तोंड, हनुवटी, टाय अशा क्रमाने प्रवास करतात. वासाचं वर्णन करत नाही, अंक घरात वाचला जातो. कितीओजी रोसानजिन या कलावंत-खवय्याच्या नावावर नात्तोची एक रीत सांगतात: आधी ३०५ वेळा ढवळायचं, मग सोया सॉस थोडाथोडा घालत ११९ वेळा. एकूण ४२४. खेळणी करणाऱ्या एका कंपनीने २०१५ साली हे मोजून ढवळणारं यंत्रही काढलं. ओळख झालेला प्रत्येक जपानी परदेशी माणसाला एकदा तरी विचारतो, ‘‘तुम्हाला नात्तो खाता येतो का?’’ ‘येतो’ म्हटलं की तो कौतुक करतो, पण डोळ्यांत किंचित निराशा असते. ‘नाही’ म्हटलं तर मात्र तो मनापासून सुखावतो. ‘नाही’च म्हणावं. त्यांच्या घरचं हे तरी एक घरातच राहू द्यावं.

फुगु हा विषारी मासाही त्यांचाच. त्याचे काप इतके पातळ की खालच्या बशीवरची नक्षी दिसते. सोळाव्या शतकातल्या हिदेयोशी या सत्ताधीशाने त्यावर बंदी घातली होती. १८८७ सालच्या अखेरीस पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी शिमोनोसेकीच्या एका खानावळीत उतरले. वादळामुळे दुसरा मासाच नव्हता, मालकिणीने जीव मुठीत धरून फुगु वाढला, पंतप्रधानांना तो आवडला आणि त्या प्रांतातली बंदी उठली. कायदे करायची याहून सोपी पद्धत आजवर निघालेली नाही. १९७५ साली बांदो मित्सुगोरो या मोठ्या काबुकी नटाने क्योतोमध्ये फुगुचं काळीज मागितलं, एकामागून एक चार जणांचं खाल्लं, आणि पहाट पाहिली नाही. आता काळीज वाढायला मनाई आहे आणि आचाऱ्याला परवाना लागतो. चव? ज्याला विचारावं तो अनुभव सांगतो, बिल सांगतो, आचाऱ्याच्या परवान्याची चौकट कुठे टांगली होती ते सांगतो. चवीबद्दल मौन. वाचलो, याचीच चव लागत असावी.

राहता राहिली करी. जपानच्या घराघरांत आठवड्याला शिजणारी, लहान मुलांची लाडकी, गडद तपकिरी करी. ती त्यांना आपल्याकडून मिळाली नाही, इंग्रजांकडून मिळाली. इंग्रजांनी आपल्याकडून काय नेलं आणि विचारून नेलं का, हा वेगळा लेख होईल. मेइजी काळात ती जपानी आरमारात शिरली, आणि आजही तिथल्या सागरी दलाच्या जहाजांवर शुक्रवारी करी-भात असतो. अथांग समुद्रावर वार कळावा म्हणून, असं कारण देतात. १९१५ साली इंग्रजांचा ससेमिरा चुकवत रासबिहारी बोस जपानला पोहोचले. शिंजुकूच्या ‘नाकामुराया’ बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना लपवलं, पुढे जावई करून घेतलं. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढलं आणि बोसबाबूंच्या आग्रहाने खरी भारतीय करी वाढायला सुरुवात झाली. देशासाठी बॉम्बचा कट रचलेला माणूस परक्या करीची चव सहन करू शकला नाही, हे आपण समजू शकतो.

पण बोसबाबूंचा विजय एका उपाहारगृहापुरताच राहिला. १९६३ साली बाजारात आलेल्या ‘व्हर्माँट करी’च्या वड्यांत सफरचंद आणि मध आहे, आणि घरोघरी शिजते ती त्याच वळणाची. टोकियोच्या निशिकासाई भागात राहणाऱ्या मराठी घरांत मुलं शाळेतून येतात आणि ‘आज करी कर’ म्हणतात. आई मसाला भाजायला घेते, तर मुलं म्हणतात, ‘‘ही नको, खरी.’’

आणि २०२० साली ‘कोको इचिबान्या’ या जपानी करीच्या साखळीने गुरुग्राममध्ये दुकान उघडलं. इंग्रजाने नेलेली आमटी जपान्याने त्याच्याकडून उसनी घेतली, दाट केली, गोड केली, तिखटाला आकड्यांच्या पायऱ्या लावल्या, आणि दीडशे वर्षांनी आपल्याच दारात ‘पारंपरिक जपानी’ म्हणून आणून ठेवली. आपण रांग लावून, छायाचित्र काढून ती खातो आणि म्हणतो, ‘‘जरा वेगळीच आहे, नाही?’’ ही आपली की त्यांची, यावर आपल्याकडे दोन पिढ्या सहज वाद रंगेल. आणि तो मिटेपर्यंत कुणीतरी त्यात शेंगदाण्याचं कूट घालून तिला कोल्हापूरची पारंपरिक करून टाकलेलं असेल.